मागच्या चाकाची वयनी

मी गाडीचं बेअरिंग पावाच्या भट्टीत भाजलं.

दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगून टाकतो. आमच्या मये गावात अजून दोन-तीन माणसं अशी आहेत की ज्यांना हे ठाऊक आहे आणि जी ते माझ्याहून रंगवून सांगतात. सांगताना ती शेवटी हळूच जोडतात की, भाजणारा गृहस्थ साखळीच्या शाळेत विज्ञान शिकवत होता आणि उष्णतेने वस्तू प्रसरण पावतात हा धडा दर वर्षी पितळी गोळा आणि कडी हातात धरून मुलांना समजावत होता. हे खरं आहे. गोळा तापवला की कडीतून जात नाही, हे मी इतक्या वर्गांना दाखवलं होतं की माझं स्वतःचं तिकडे लक्षच राहिलं नव्हतं.

पण माझ्या मूर्खपणाची कथा सांगायला मी बसलेलो नाही. ती सांगायला एक बैठक पुरणार नाही. मला सांगायचं आहे ते त्या बाईबद्दल, जिने ते भाजलेलं बेअरिंग हातात घेतलं आणि दाराच्या उजेडाकडे धरलं.

साखळीच्या बाजाराच्या टोकाला, खाणीवरचे ट्रक जिथे वळण घेतात, तिथे तिचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दारावरच्या फळीवर नवऱ्याचं नाव. नवरा खाणीवरच्या वर्कशॉपात मेस्त्री. आठवडाभर तिकडेच असे, रविवारी घरी. दुकान चालवायची ती. दोडामार्गाच्या पलीकडच्या कुठल्याशा गावातून लग्न होऊन इकडे आलेली. सगळे तिला वयनी म्हणत. ड्रायव्हर, क्लीनर, एकदा तर आमचे हेडमास्तरसुद्धा, जे स्वतःच्या सख्ख्या वहिनीलाही नावाने हाक मारत.

तुम्ही दुकानात शिरलात की ती तुमचं तोंड बघत नसे, हात बघे. हात रिकामे असले तर म्हणे, "आधी जुना दाखवा."

बेअरिंग म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पोलादाच्या दोन कड्या, एकीच्या पोटात दुसरी, आणि दोघींच्या मधे गोळ्या. चाक फिरतं ते त्या गोळ्यांवर. गोळ्या झिजल्या की चाक रडायला लागतं. वयनीचं म्हणणं असं की, नवं द्यायच्या आधी जुनं का मेलं ते कळलं पाहिजे. नाहीतर नवंही त्याच वाटेने जाणार. ती जुनं बेअरिंग घेई, त्यातलं ग्रीस अंगठा आणि बोट यांच्यामधे चोळी, वास घेई, कडीच्या आतून नख फिरवी, आणि मग त्या ड्रायव्हरचा इतिहास सांगे. एका जाडजूड मिशीवाल्याला तिने माझ्यासमोर सांगितलं की, तुझा ट्रक एका अंगाने भरतात, डाव्या. तो म्हणाला, नाही. ती म्हणाली, जाऊन बघ. दुसऱ्या दिवशी तो येऊन काही न बोलता नवं बेअरिंग घेऊन गेला, म्हणजे बघून आला असावा.

नवं देतानाही तीच तऱ्हा. कागदातून काढून करंगळीवर चढवायचं, कानाशी नेऊन एक फिरकी द्यायची आणि डोळे मिटायचे. बाहेरून ट्रक जात असेल तर तो जाईपर्यंत थांबायचं. तेवढा वेळ दुकानातली राकट माणसंही देवळात उभी राहावीत तशी गप्प राहत. आवाज मनासारखा नसला तर ते बेअरिंग बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात पडे. त्या डब्यातली बेअरिंगं गावची मुलं घेऊन जात आणि फळ्यांना ठोकून गाड्या करत. साखळीच्या उतारांवर एक पिढी वयनीने नाकारलेल्या बेअरिंगांवरून घसरली, आणि कुणाचं चाक निखळल्याचं मी ऐकलं नाही.

अंगाने ती किरकोळ होती. केसांत रोज अबोलीची वेणी. हात सदा ग्रीसचे, म्हणून वेणी सैल झाली की ती मनगटाने वर ढकले.

आता माझी गाडी. पोर्तुगीज अंमलात बोटीने आलेली एक छोटी परदेशी गाडी डिचोलीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून मी घेतली होती. तिचं इंजिन पुढच्या चाकांना ओढायचं, मागची चाकं नुसती मागून येत. त्यातलं डावं चाक काही दिवसांपासून गुणगुणत येऊ लागलं. मग गाऊ लागलं. मग शाळेच्या वळणावर मी दिसायच्या आधी ऐकू येऊ लागलो, आणि शाळेतली मुलं वर्गात जाऊन बसू लागली. तेवढा एक फायदा झाला.

मी दुर्लक्षच केलं असतं, पण पेडण्याहून मावशीचं कार्ड आलं.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. दोघी नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण सांगतो, हसू नका. माझ्या बहिणीच्या लग्नात आईने केलेलं खतखतें मावशीने व्याह्यांच्या पंगतीत चाखलं आणि मोठ्याने म्हणाली की, तेफळं कमी पडली. तेफळं म्हणजे तिरफळं, आणि तिरफळांवाचून खतखतें म्हणजे नुसत्या एकत्र शिजवलेल्या भाज्या, हे गोव्यात सगळ्यांना ठाऊक. आईला तर जास्तच. ती पंगतीतून उठली ती पेडण्याच्या वाटेला पुन्हा गेली नाही. आणि आता कार्डावर दोनच ओळी होत्या. रविवारी खतखतें करते. तेफळं तू येऊन घाल.

आईने ते कार्ड तीनदा वाचलं आणि तांदळाच्या डब्याखाली ठेवलं. संध्याकाळी म्हणाली, जाईन. पण बसने नाही. बसमधून उतरताना दिसले तर ती म्हणेल, मुलगा मास्तर झाला तरी ही बसनेच हिंडते. गाडीतून उतरेन. गाडी रडता कामा नये. रविवारी नाही जमलं तर जाणारच नाही.

माझी आई पुढचा रविवार देणाऱ्यांतली नव्हती. आज मन वळलंय, उद्या ते कुठे असेल याचा नेम नाही. मावशी सत्तरीच्या पुढे. डिचोलीचा मेकॅनिक म्हणाला, आठ दिवस हात मोकळा नाही. हातात पाच दिवस होते, आणि मी विज्ञानाचा शिक्षक.

मंगळवारी कागदावर नंबर लिहून वयनीकडे गेलो. तिने कागद घेतला, उलटा केला, परत दिला.

"कागदाक चाक नसता, मास्तर. आधी जुना दाखवा."

संध्याकाळी शेजाऱ्याच्या मदतीने चाक काढलं, चाकाच्या आतला लोखंडी ड्रम काढला, आणि त्यात रुतलेलं बेअरिंग हातोडीने ठोकून बाहेर काढलं. ते इतकं घाण होतं की बाईमाणसाच्या हातात द्यायला लाज वाटली. मी ते रॉकेलमधे बुडवून, ब्रशने घासून, जुन्या धोतराने पुसून लखलखीत केलं आणि बुधवारी कागदात गुंडाळून नेलं. ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, हे तर तोंड धुवून, पावडर लावून आलंय. आता मी ह्याला काय विचारू? पुसलेलं धोतर कुठे आहे? धोतर पिशवीतच होतं. तिने ते पसरलं, तांबडा डाग चोळून बघितला, नाकाशी नेला.

"खाणीच्या रस्त्यान जातास. आणि गाडी व्हाळात धुतास. अर्धी चाका बुडतत इतक्या पाण्यात."

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. दर रविवारी मी गाडी मयेच्या तळ्याखालच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरवून धूत असे. फार पाणी, फुकट पाणी. चाकं बुडाली की अजून स्वच्छ होतील अशी माझी समजूत. तिने विचारलं की, म्हशीला बसवतात तसं गाडीला पाण्यात कोण बसवतो, आणि उत्तराची वाट न बघता मागच्या फळीकडे वळली. डॉक्टरांच्या गाडीची तसली बेअरिंगं तिच्या नवऱ्याने एका बंद पडलेल्या गराजातून सगळी मिळून घेतली होती. त्यातली दोन उरलेली. एक तिने करंगळीवर फिरवलं, ऐकलं आणि दिलं. देताना म्हणाली, हातोडी लावू नका. कसं बसवायचं ठाऊक आहे ना?

मी म्हटलं, आहे.

आता तुम्हीच सांगा, काय ठाऊक होतं मला? एवढंच, की मागे एकदा तिच्याच ओसरीवर एका मेस्त्रीने ट्रकचं बेअरिंग तेलात तापवून पोलादी दांड्यावर अलगद सरकवलेलं मी पाहिलं होतं. म्हणजे बेअरिंग तापवायचं. घरी एवढं तेल नव्हतं. पण आमच्या वाड्यावर पाव भाजणाऱ्या पदेराची भट्टी होती.

गुरुवारी दुपारी पाव काढून झाल्यावर मी पदेराकडे गेलो. तो नको म्हणत होता. मी त्याला उष्णतेच्या वहनावर थोडं बोललो. तो थकला आणि हो म्हणाला. बेअरिंग त्याच्या लांब फळीवर ठेवून आत सरकवलं. अर्ध्या तासाने काढलं तेव्हा ते निळं झालं होतं. मला तो रंग फार आवडला. वाटलं, पुरेसं तापलं. चिमट्याने धरून ड्रमपाशी नेलं. ते आत जाईना. अर्थात जाईना, मी गोळा तापवून कडीत घालत होतो. पण तेव्हा मला वाटलं, घट्ट आहे म्हणजे चांगलं आहे, आणि मी हातोडी घेतली. ते अर्धं आत गेलं आणि तिरकं अडकलं ते अडकलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या वाड्याच्या गोल उंडे-पावांना ग्रीसचा वास होता. एका आजीने पदेराला विचारलं म्हणे की, हल्ली पीठ कुठल्या गराजातून आणतोस.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर घरी परतून मी तो ड्रम, त्यात तिरकं रुतलेलं निळं बेअरिंग, असा सगळा संसार पोत्यात घालून बसने साखळीच्या बाजारात पोचलो. वयनीने एका पाइपाच्या तुकड्याने दोन ठोक्यांत ते बाहेर काढलं. उजेडाकडे धरलं. ते मघाशी सांगितलंच.

मग म्हणाली, "ह्याचा पाणी उतरला." पोलादाला दिलेलं पाणी गेलं की पोलाद आणि शिसं यांत फरक राहत नाही. कशात भाजलंत, असं तिने विचारलं, आणि मी सांगितलं. तिने ते बेअरिंग बिस्किटाच्या डब्यातही टाकलं नाही. मुलांच्या गाडीलाही चालणारं नव्हतं ते.

"मास्तर, बेअरिंग दांड्यार चढवचा आसात तर बेअरिंग तापवचा. घरात घालूचा आसात तर घर तापवचा. पाव्हणो आत येवक व्हयो तर दार रुंद करूचा. पाव्हण्याक फुगवन काय उपेग?"

घर म्हणजे तो ड्रम. पितळी गोळा आणि कडी घेऊन मी जे दहा वर्षांत शिकवू शकलो नव्हतो, ते एवढ्यात झालं. मी दुसरं बेअरिंग मागितलं. ती नाही म्हणाली.

तिचा नियम होता. कुठल्याही नंबरचा शेवटचा नग विकायचा नाही. वाटेत अडकलेला कुणी आला तर त्याला द्यायला काहीतरी असावं. भाजणाऱ्यांसाठी नाही. मी विनवण्या केल्या. तिने विचारलं की, जायचंय तरी कुठे एवढं? तेव्हा मी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. कार्ड, तेफळं, नऊ वर्षं, आणि आई बसने येणार नाही ते. ती हातातला बोल्ट पुसत ऐकत होती. शेवटी तिने एकच प्रश्न केला. खरं सांगा, तेफळं कमी होती का?

मी म्हटलं, होती.

"आवशीक सांगलास?"

आईला? नाही सांगितलं, म्हटलं.

"मगे तुमका थोडी अक्कल आसा," असं म्हणून तिने शेवटचं बेअरिंग काढलं. पण माझ्या हातात दिलं नाही. रविवारी सकाळी मी येते, म्हणाली, ह्याला आता मीच घरात घालणार. तुम्ही फक्त पाणी उकळून ठेवा.

रविवारी पहिल्या बसने ती आली. नवऱ्याला दुकानात बसवून आली होती. एका हातात पाना, दुसऱ्या हातात डबा, आणि डब्यात बर्फात पुरलेलं बेअरिंग. बर्फ साखळीच्या बाजारात मासे विकणाऱ्या नुस्तेकारणीकडून आणलेला, त्यामुळे बेअरिंगला बांगड्याचा वास. ड्रम तिने थेट आमच्या न्हाणीतल्या तांब्याच्या भाणात, उकळत्या पाण्यात सोडला. त्या भाणाला आई कुणाला हात लावू देत नसे. मी आईकडे बघितलं. आई वयनीच्या हातांकडे बघत होती.

वयनीने हाताच्या तळव्यावर ग्रीसचा गोळा घेतला आणि बेअरिंगची कड त्यात दाबत दाबत सगळ्या गोळ्यांच्या मधे ते भरलं, एका बाजूने दाबायचं, दुसऱ्या बाजूने डोकावेपर्यंत. आई न राहवून म्हणाली की, नेवऱ्यांत, म्हणजे करंज्यांत, खोबऱ्याचं चून असंच भरावं लागतं, पोकळ राहिलं की तळताना फुटतात. वयनी म्हणाली, ही पण फुटतात. तेवढ्यावर दोघींचं जमलं. मग ड्रम फडक्याने धरून बाहेर काढला, पुसला, आणि थंडगार बेअरिंग त्याच्या तोंडाशी ठेवलं. ते स्वतःच्या वजनाने आत उतरलं. एक बारीकसा टप् आवाज झाला. हातोडी माझ्या हातात तयार होती. ती मी पाठीमागे लपवली.

चाक चढलं, तिने फिरवून बघितलं, मागच्या स्प्रिंगवर पंजा ठेवून कंप घेतला आणि मान हलवली. झालं होतं.

इथे जरा थांबतो, कारण पुढचं सांगितलं की मग मला काही सांगावंसं वाटणार नाही. ते दुकान आता नाही. खाणी बंद पडल्या, ट्रक उभ्या-उभ्या गंजले, आणि बेअरिंगं मागायला येणारे हात संपले. तिचा नवरा गेल्यावर ती कुडाळकडे मुलीकडे राहायला गेली. मला कळलं तेव्हा फळी उतरवलेली होती. त्या जागी मोबाइलचं दुकान आहे. तिथे जुनं दाखवलं तर ते हसतात. मी तिला निरोपाला भेटलो नाही. भेटायला हवं होतं. माझ्या मूर्खपणाच्या यादीत आणखी एक.

तर तो रविवार. आई नवं लुगडं नेसून गाडीत बसली तेव्हा वयनी म्हणाली, अस्नोड्यापर्यंत मीही येते. नवं बेअरिंग थोडं धावलं की तापतंय का ते हात लावून बघायला हवं. तिथून मी बसने परत. ती मागे आईशेजारी बसली, आणि मी गाडी काढली.

गाडी गप्प होती. इतकी गप्प, की मागच्या दोघींचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता, आणि त्यातले बरेच माझ्याबद्दल होते. अस्नोड्याला वयनीने उतरून चाकाच्या मधोमध हाताची मागली बाजू लावली. थंड. पण तोवर आईने तिला माझ्या बालपणाच्या मध्यावर आणलं होतं आणि सोडायला तयार नव्हती. वयनी म्हणाली, बरं, थिवीपर्यंत. थिवीला पुन्हा हात लावला. पुन्हा थंड. बरं, कोलवाळपर्यंत.

कोलवाळच्या पुलाच्या अलीकडे मी गाडी थांबवली. पुलापलीकडे पेडणें तालुका. वयनी उतरून चाकाशी बसली. आईसुद्धा उतरली, नदीकडे बघत उभी राहिली. मग ती म्हणाली, रे, परत वळूया.

मी म्हटलं, पूल ओलांडला की आलंच. आई म्हणाली, नको, घरी जाऊया. नऊ वर्षं झाली, आता काय बोलायचं तिच्याशी. तिने बोलावलं ते चुकून बोलावलं असेल. मी म्हटलं, कार्ड आहे ना. आई म्हणाली, कार्ड काय, माणूस रागातसुद्धा लिहितं. आणि तिने पदराची कड बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. तशी गुंडाळली की माझी आई हलत नसे. वडिलांनी आयुष्यभर अनुभव घेतला होता. मला कळलं, हा रविवार गेला. आणि मावशीही गेल्यातच जमा.

वयनी चाकाशी बसलेलीच होती. वर न बघता ती म्हणाली, "काकी, आता परत वळवक येवचा नाय."

कित्याक, असं आईने विचारलं.

"नवा बेअरिंग आसा. पयल्या खेपेक अर्ध्या वाटेत उलटा फिरवला तर गोळये जाग्यार बसनत नाय. जय जावक भायर सरला, थय पोचाकच व्हया. मगे तास-दोन तास थंड करूचा, आणि मगे खयव जावा. हयसून परत वळलास तर डिचोलीक पोचासर चाक बाद."

आईने माझ्याकडे बघितलं. आता इथे कुठल्याही शहाण्या माणसाने मान डोलावली असती. पण मला विज्ञान येत होतं. मी म्हटलं, वयनी, पण असा काही नियम नाही, चाक तर दोन्ही दिशांना—

वयनीने मान वर केली. तिच्या डोळ्यांत तोच भाव होता जो निळ्या बेअरिंगकडे बघताना होता.

"मास्तर, पाना डिकीत ऱ्हवलो. जरा हाडतास?"

मी डिकी उघडली. पोतं उचललं, जॅक उचलला, स्टेपनीखाली हात घातला. पाना मिळेना. मिळणार कसा, तो तिच्या हातात होता, तिने तो माझ्या डोळ्यांदेखत आणला होता. हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत बराच वेळ गेला. डिकी बंद करून वळलो तर आई गाडीत बसलेली होती, पदराची कड सोडलेली, आणि वयनी दार लावून घेत होती. बस आता पेडण्यालाच धरते, ती म्हणाली.

पूल ओलांडताना मला एक गोष्ट जाणवली, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्या बाईने बेअरिंगबद्दल कधी खोटं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. मोठमोठ्या खाणवाल्यांच्या माणसांना तिने तोंडावर सांगितलं होतं की चूक तुमची आहे. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण चाकाची खरी गोष्ट सांगायची. हा नेम तिने एकदाच मोडला. तिच्या ओळखीत अवघी एक सकाळ जुनी असलेल्या एका म्हातारीसाठी. आणि त्यातही मी मधे बोललो.

मावशीच्या घरासमोर गाडी थांबली तेव्हा मावशी पायऱ्यांवर उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. पायाशी तांदूळ निवडायचं सूप होतं आणि त्यात एकही दाणा निवडलेला नव्हता. आई उतरली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग मावशीने पुढे येऊन आईच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, "कितें गो, बारीक जालीस." आई म्हणाली, तूच झालीस. एवढंच. नऊ वर्षांचा हिशोब दोन वाक्यांत मिटला, आणि मी घाम पुसला.

वयनीने तेवढ्यात चाकाला हात लावून घेतला होता. जेवून जा म्हणून आईने फार आग्रह केला. ती म्हणाली, नको काकी, नवरा दुकानात एकटा आहे, तो लोकांना जुनं न बघताच देऊन टाकतो. पाना वर्तमानपत्रात गुंडाळून तिने काखेत धरला आणि बसस्टँडच्या दिशेने चालू लागली. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका ट्रकपाशी ती थांबली, वाकून त्याच्या मागच्या चाकाकडे बघितलं, ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं, आणि पुढे गेली. ड्रायव्हर उतरून चाकाकडे बघत राहिला.

मावशी पायरीवरून हे सगळं बघत होती. मग तिने माझ्या गाडीकडे कौतुकाने नजर फिरवली. मी जरा छाती पुढे काढली आणि चावी बोटाभोवती फिरवली.

"पोरान गाडयेन हाडली म्हण तुका?" मावशीने आईला विचारलं.

आई रस्त्याकडे बघत होती. वळणापाशी बस आली होती आणि वयनी चढत होती.

"गाडी तिणें हाडली," आई म्हणाली. "हो नुसतो फुडें बसलेलो."